भरती-ओहोटीची वीज: सोलापूरकरांनी त्यात लक्ष का घालावं?

विज्ञानवाल्या_बाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी-सोलापूर हमरस्ता धरला तर समुद्र आपल्यापासून तीनशेच्या वर किलोमीटर लांब. तरीही भरती-ओहोटीवर वीज करायच्या विषयात सोलापूरकरांनी बोललं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्याचं कारण उजनी.

फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत, मिळून १३२० मेगावॉट. पाणी उजनीचं. कोळशावरच्या नव्या संचांना केंद्राने घालून दिलेली पाण्याची मर्यादा आहे युनिटमागे ३ लिटर. दोन्ही संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले, तर त्या मर्यादेने दिवसाला साडेनऊ कोटी लिटर होतात. माणशी १३५ लिटर हे शहरांचं माप लावलं तर सात लाख माणसांचं पाणी. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साडेनऊ लाखांचं होतं. नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते इथे कुणाला सांगायला नको.

भरतीच्या विजेला गोड्या पाण्याचा थेंब लागत नाही. कोळसा नको, राख नाही, आणि भरती कधी येणार हे कितीतरी वर्षं आधी सांगता येतं. मी नववी-दहावीला शिकवते. ऊर्जेचा धडा आला की कुणीतरी विचारतंच, "बाई, एवढा समुद्र आहे आपल्या राज्याला, मग आपल्याकडे का नाही?" या प्रश्नाला दोन ओळींचं उत्तर देऊन पुढे जायचं मला पटत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

कडक_भाकरी

मोबाईलवर धाग्याचं नाव अर्धंच दिसलं, 'भरती' एवढंच. वाटलं पोलीस भरतीची तारीख आली. आता आलोय तर वाचतो.

माढेकर

बाई, पाण्याचा हिशोब मांडलात, लई बरं वाटलं. विजेचं बोलणारे सगळे दराचं बोलतात, पाण्याचं कुणी बोलत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनस पन्नासच्या पण खाली गेली होती. बाहेरगावच्या माणसाला धरण 'मायनस' कसं होतं तेच कळत नाही. उपयुक्त साठा संपला की मृतसाठ्यातून उपसा चालू होतो, त्याला आम्ही मायनस म्हणतो. ऊस वाळत असताना कालव्याच्या आवर्तनाची वाट बघणाऱ्याला हा शब्द रात्री झोपू देत नाही.

निवृत्त_विद्युत

चांगला विषय. जरा सविस्तर लिहितो.

भरतीपासून वीज करायच्या मुख्य दोन पद्धती. पहिली बंधाऱ्याची. खाडीच्या तोंडाशी बंधारा घालायचा, भरतीला पाणी आत घ्यायचं, दारं बंद करायची, ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतलं पाणी टर्बाइनमधून सोडायचं. फ्रान्समध्ये ला रांस नदीच्या मुखावर १९६६ पासून असं केंद्र चालू आहे. १० मेगावॉटची २४ टर्बाइनं, एकूण २४० मेगावॉट, वर्षाला साधारण ५० कोटी युनिट. जवळपास ४५ वर्षं ते जगातलं सगळ्यात मोठं होतं. २०११ साली दक्षिण कोरियाने सिह्वा इथे २५४ मेगावॉटचं उभं केलं, तेही आधीच बांधून ठेवलेल्या समुद्रभिंतीत. भिंतीआडचं पाणी साचून खराब झालं होतं, केंद्रामुळे ते पुन्हा खेळतं झालं.

दुसरी पद्धत प्रवाहाची. बंधारा नाही. जिथे सामुद्रधुनी अरुंद आणि भरतीचं पाणी जोरात धावतं, तिथे तळाशी पवनचक्कीसारखं टर्बाइन उभं करायचं. समुद्राचं पाणी हवेच्या आठशे पटींहून जड, त्यामुळे पाती लहान असली तरी काम होतं. पण एक नियम कायम लक्षात ठेवा. शक्ती वेगाच्या घनावर ठरते. सेकंदाला १ मीटर वेग असेल तर प्रवाहात चौरस मीटरमागे अर्धा किलोवॉट. वेग अडीच मीटर झाला की तेच ८ किलोवॉट. म्हणून हा सगळा जागेचा खेळ आहे.

बंधाऱ्यालाही असाच नियम: पातळीतला फरक दुप्पट तर ऊर्जा चौपट. आता बाईंच्या मुलांच्या प्रश्नाकडे येतो. रत्नागिरीला उधाणाला पातळीतला फरक दोन-अडीच मीटर. गुजरातेत भावनगरला दहा मीटरच्या वर. चौपट फरक म्हणजे तेवढ्याच पाणपसाऱ्यात सोळापट ऊर्जा. 'आपल्याकडे का नाही' याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड

काका, माहिती भारी. पण मालक लोकांचा पहिला प्रश्न एकच असतो: युनिट केवढ्याला पडतं?

आमचा धंदा सांगतो. चालू माग मध्येच वीज जाऊन थांबला की टॉवेलवर आडवी रेघ पडते. परत चालू करताना कितीपण जपा, ती रेघ राहते. तो नग सेकंडमध्ये जातो. तासाभरात दोनदा झटका बसला की त्या बीमचा नफा गेला. मग मला वीज कशापासून करायलेत याच्याशी काय करायचंय? न थांबता आणि परवडेल अशी पाहिजे, बास.

गच्चीवरचा_सोलर

टॉवेलवाल्यांना +१. आणि थेट विरोधातलं मत मांडतो. सोलापूर म्हणजे ऊन. मार्चपासून डांबर मऊ पडतं इथे. सौरऊर्जेच्या लिलावात युनिटला अडीच-तीन रुपयांचे दर आलेत. ब्रिटनने २०२२ च्या लिलावात भरतीच्या विजेला मेगावॉट-तासाला १७८ पौंडांच्या आसपास दर दिला, तोही २०१२ च्या भावाने. आपल्या रुपयात युनिटला पंधराच्या वरच जातो. पाचपट-सहापट! पाणी वाचवायचा मुद्दा बाईंचा शंभर टक्के खरा, पण पाणी सौरऊर्जापण वाचवते. गच्चीवरच्या पॅनेलवरून फडकं फिरवायला किती पाणी लागतं?

मालवणी_सोलापुरात

लग्न करून सोलापुरात आले, माहेर मालवणचं. त्यामुळे या धाग्यावर हक्काने लिहिते.

भरतीची वेळ काढायला आमच्याकडे यंत्र लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. चतुर्थीला तीन वाजता. मिनिटांचा फरक पडतो, पण होडी काढायला एवढं पुरतं. पुनव-अवसेला उधाण, पाणी भरपूर चढतं आणि भरपूर उतरतं. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. म्हणजे निवृत्त काकांच्या नियमाने अष्टमीला वीज अगदीच कमी होणार, बरोबर ना?

दुसरं, खाडीच्या तोंडाला बंधारा हे ऐकूनच माझ्या पोटात गोळा येतो. भरतीबरोबर मासे आत येतात, कांदळवनात अंडी घालतात, पिल्लं तिथे वाढतात. बायका ओहोटीला कालवं काढायला उतरतात. पाण्याची ही ये-जा अडवली की त्या खाडीवर जगणाऱ्या घरांचं काय? कुणाच्या तरी नळाला पाणी यावं म्हणून दुसऱ्या कुणाची खाडी मरावी, हे मला चालणार नाही. बाईंवर राग नाही हं, पण हे लिहिल्याशिवाय राहवेना.

विज्ञानवाल्या_बाई

@मालवणी_सोलापुरात, राग कसला, हेच हवं होतं. तिथीचा हिशोब उद्याच वर्गात सांगते. पंचांग तर सगळ्यांच्या घरात आहे.

निवृत्त_विद्युत

ताईंचं बरोबर. उधाण आणि भांग यांत प्रवाहाचा वेग निम्म्याने कमी झाला तर शक्ती आठव्या हिश्श्यावर येते.

बंधाऱ्याची भीतीही खरी आहे. कॅनडात अ‍ॅनापोलिस इथे १९८४ पासून २० मेगावॉटचं केंद्र चालू होतं. माशांच्या मृत्यूचा प्रश्न तिथे वर्षानुवर्षं धुमसत राहिला, त्यात यंत्रात बिघाड झाला, आणि २०१९ साली ते बंद झालं. म्हणून आता जगाचा ओढा बंधाऱ्याकडून प्रवाहातल्या टर्बाइनकडे आहे. उत्तर आयर्लंडमध्ये स्ट्रँगफर्डच्या खाडीत २००८ साली १.२ मेगावॉटचं टर्बाइन बसवलं, तेव्हा सील हा समुद्री प्राणी जवळ आला की यंत्र थांबवायची सोय ठेवली होती. पाण्याखाली सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी वेध घेणारं यंत्र, लावून पहारा ठेवायचे.

जहाजावरचा

मरीन इंजिनिअर आहे, घर सात रस्त्याजवळ, वर्षातला निम्मा काळ पाण्यावर. यंत्राच्या बाजूने लिहितो.

खाऱ्या पाण्यात लोखंड ठेवणं म्हणजे काय ते ड्रायडॉकमध्ये जाऊन बघावं. जहाज वर घेतलं की तळ दिसतच नाही. शेवाळ, शिंपले, पांढरे खरखरीत शंख, थराच्या थर. खरवडताना हाताची सालं निघतात. हेच टर्बाइनच्या पात्यावर बसलं की पात्याचा आकार बिघडतो आणि वीज घटते. त्यावर विशेष रंग आहेत, पण तेही काही वर्षांनी उतरतात. शिवाय सील. समुद्राचं पाणी गिअरबॉक्समध्ये शिरू नये म्हणून जे सील असतं, त्यावर सगळा जीव अवलंबून. आणि प्रवाहाचा जोर. कॅनडात फंडीच्या उपसागरात, जिथे जगातला सगळ्यात मोठा म्हणजे १६ मीटरपर्यंतचा फरक आहे, तिथे २००९ साली उतरवलेल्या टर्बाइनची पाती त्या प्रवाहानेच मोडली होती.

आपल्या खंबातच्या आखातात आणखी एक गोष्ट आहे, गाळ. नर्मदा, तापी, मही, साबरमती, चारही नद्या तिथे येऊन मिळतात. पाणी चहाच्या रंगाचं असतं. तो गाळ पात्याला पॉलिश पेपरसारखा घासणार. पण त्याच आखाताची ताकद बघायची तर अलंगला जा. भंगारात काढलेलं अवाढव्य जहाज उधाणाच्या भरतीवर पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवतात. ओहोटी लागली की ते चिखलात उभं, माणसं चालत जाऊन कापायला सुरुवात करतात. जहाज चढवायची तारीख भरतीच्या कोष्टकावरून आधीच धरतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्या पाण्यात ताकद नाही असं मला कुणी सांगू नये.

कडक_भाकरी

अलंगचं वाचून अंगावर काटा आला. अवांतर: जहाजावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेता का हो? टिकायला दोन्ही एक नंबर.

जहाजावरचा

नेतो म्हणजे काय, कुकसुद्धा माझ्या डब्याची वाट बघतो. चटणी मात्र पहिल्या आठवड्यातच संपते.

अबर्डीनहून_लेक

हुतात्मा बागेजवळ वाढले, आता स्कॉटलंडमध्ये समुद्राखालच्या केबलच्या कामात आहे. इथलं थोडं सांगते.

इथे उत्तरेला पेंटलंड फर्थ म्हणून सामुद्रधुनी आहे. तिथे मेजेन प्रकल्पाची १.५ मेगावॉटची चार टर्बाइनं तळाशी उभी आहेत. त्यांतलं एक सहा वर्षांहून जास्त काळ दुरुस्तीसाठी वर न काढता चाललं. जहाजावरचे दादा म्हणतात ती सीलची आणि गंजाची लढाई जिंकता येते, हे त्यातून दिसलं.

दुसरा प्रकार मला जास्त आवडतो. ऑर्कनी बेटांजवळ ओ-टू नावाचं तरंगतं यंत्र आहे, २०२१ पासून. ७४ मीटर लांबीचा पिवळा नळकांडीसारखा सांगाडा पाण्यावर असतो, त्याला दोन बाजूंना दोन पाय, प्रत्येक पायाच्या टोकाला १ मेगावॉटचं टर्बाइन. काम असताना पाय पाण्यात, दुरुस्तीला पाय वर. पाणबुडे नकोत, मोठी क्रेन नको, साधी बोट घेऊन माणसं जातात. पहिल्यांदा ते पाय वर येताना बघितले तेव्हा पाती निथळत होती आणि खाली प्रवाह एवढा जोरात की आमची बोट इंजिन चालू ठेवूनही जागेवर थांबेना.

आणि @गच्चीवरचा_सोलर, दराबद्दल. महाग आहे, वादच नाही. पण इथे ऑर्कनीत सरकारने चाचणीसाठी समुद्रातली जागा आणि केबल तयार ठेवली, २००३ पासून. ज्याला यंत्र करून बघायचंय त्याने यावं, जोडावं, मोजावं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सौरऊर्जाही परवडत नाही म्हणून लोक हसत होते.

गच्चीवरचा_सोलर

ताई, सौरऊर्जा स्वस्त झाली कारण पॅनेल कारखान्यात लाखांनी निघतं आणि कुठल्याही गच्चीवर बसतं. समुद्रातली जागा लाखांनी मिळत नाही. पेंटलंड फर्थ एकच आहे. माझा मुद्दा कायम.

निवृत्त_विद्युत

सोलरवाल्यांचा हा मुद्दा वजनदार आहे. भारताचे आकडे देतो. देशाची भरतीच्या विजेची एकूण अंदाजी क्षमता साधारण १२,५०० मेगावॉट धरतात. त्यात खंबातचं आखात ७,०००, कच्छचं आखात १,२००, सुंदरबन १०० च्या आत. महाराष्ट्राचं नाव त्यात ठळकपणे कुठेच नाही.

आणि आपण प्रयत्न केले नाहीत असंही नाही. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॉटचा प्रकल्प ठरला होता, अंदाजी खर्च २३८ कोटी. मेगावॉटला ६३ कोटींच्या वर! सोडून द्यावा लागला. कच्छच्या आखातात ५० मेगावॉटचा ठरला, ७५० कोटी, म्हणजे मेगावॉटला १५ कोटी. तोही झाला नाही. २०१९ साली केंद्राने समुद्रातल्या ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा दिला, म्हणजे दार उघडं आहे. आत अजून कुणी आलेलं नाही.

माढेकर

मेगावॉटला त्रेसष्ट कोटी? त्या पैशात आमच्या अख्ख्या शिवाराला सौरपंप बसले असते की लगा.

दक्षिण_कसबा

केरळात समुद्रावरचं असं एक केंद्र होतं ना? विळिंजमला?

निवृत्त_विद्युत

ते लाटांचं. १९९१ साली, १५० किलोवॉट, मद्रास आयआयटीच्या मंडळींनी केलेलं. लाट आत शिरली की कोठीतली हवा दाबली जाते आणि ती हवा टर्बाइन फिरवते. लाटा वाऱ्यावर अवलंबून, भरती चंद्र-सूर्यावर. म्हणूनच भरतीचं वेळापत्रक छापता येतं, लाटांचं नाही.

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड

हेच तर मला विचारायचंय. वेळापत्रक छापता येतं म्हणता, मग न थांबता वीज मिळणार का? संध्याकाळी सात वाजता सौर शून्य होतं, तेव्हा भरती असणार का?

निवृत्त_विद्युत

रोज नाही. दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटं. म्हणजे रोजची वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. आज सात वाजता प्रवाह जोरात असेल, तर तीन-चार दिवसांनी सात वाजता पाणी पार थांबलेलं असेल. पाणी फिरताना तो स्तब्ध काळ येतोच. त्यामुळे एकटी भरती माग चालवू शकत नाही. पण दोन गोष्टी आहेत. कच्छ आणि खंबात या दोन्ही आखातांत भरतीच्या वेळेत काही तासांचा फरक आहे. एकीकडे पाणी थांबलं तर दुसरीकडे धावत असतं. दोन्ही एकाच ग्रिडवर घेतली तर खड्डा भरून निघायला मदत होते. आणि कमतरता कधी येणार हे आधी माहीत असतं, त्यामुळे साठा कधी वापरायचा ते आधी ठरवता येतं. ढग आणि वारा ही सवलत देत नाहीत.

साठ्याचा विषय निघालाच तर सांगतो. आपल्या उजनीच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचा संच आहे, तो उलटाही चालतो. पाणी खाली सोडताना वीज, आणि जास्तीची वीज असेल तेव्हा तेच पाणी परत वर. ला रांसची टर्बाइनंही हे करतात, भरतीच्या शेवटी पंप करून आतली पातळी आणखी चढवतात. आपल्या जिल्ह्यातली किती मुलं उजनीचा तो संच बघून आलीत?

विज्ञानवाल्या_बाई

सगळं दोनदा वाचलं. माझं मत तुमच्यासमोर स्पष्ट मांडते.

कोकणच्या खाड्यांत बंधारा नको, मालवणच्या ताईंशी मी पूर्ण सहमत. महाराष्ट्राने यावर मोठा पैसा घालावा असंही मी म्हणणार नाही, आपल्या किनाऱ्याला तेवढा उतार-चढाव नाही. पण खंबात-कच्छमध्ये देशाने निदान एक चाचणीची जागा उभी करावी, केबलसकट, ऑर्कनीसारखी. गाळात कुठलं पातं टिकतं हे स्कॉटलंड आपल्याला सांगू शकणार नाही, ते आपल्यालाच बघावं लागेल. ग्रिड एकच आहे. तिकडे रात्री तयार झालेलं प्रत्येक युनिट इकडे कोळशाचं एक युनिट कमी करू शकतं. सौर दिवसा ते करतंच आहे, रात्रीचं कोण करणार?

गच्चीवरचा_सोलर

चाचणीच्या जागेला माझा पाठिंबा. प्रकल्पाला आज नाही.

मालवणी_सोलापुरात

चाचणीच्या वेळी तिथल्या मच्छीमारांना पहिल्या दिवसापासून सोबत घेतलं तर माझाही. आणि पावसाळ्याचं बघा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. तेव्हा यंत्र बिघडलं तर समुद्रात कोण उतरणार?

जहाजावरचा

कुणी उतरू नये. दुरुस्तीचा सगळा कार्यक्रम नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये बसवावा लागेल, आणि पावसाळ्यात यंत्र पाती बंद करून बसून राहील असंच बनवावं लागेल. ऑर्कनीचं यंत्र जसंच्या तसं उचलून आणून चालणार नाही ते याचसाठी.

विज्ञानवाल्या_बाई

मुलांना प्रकल्प द्यायचा ठरवलाय: महिनाभराच्या भरतीच्या वेळा घेऊन रोज कोणत्या तासांना वीज मिळेल याचा आलेख. काका, वेळा कुठून घेऊ? तिथीच्या पाऊणपटीवर भागेल का?

निवृत्त_विद्युत

पाऊणपट मुंबई-कोकणापुरती. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी बंदरवार भरती-ओहोटीची कोष्टकं काढतं, ती घ्या. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी ओखा आणि खंबातच्या आखातात भावनगर अशी दोन बंदरं घ्या, एकाच कागदावर दोन रंगांत काढायला लावा. पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटीच्या आगेमागे अर्धा-अर्धा तास शून्य धरा, मधल्या काळात जोर. उधाणाच्या आणि भांगाच्या आठवड्याला वेगवेगळी उंची द्या.

माढेकर

उजनीचा संच बघायला मुलं आणणार असाल तर आधी रीतसर परवानगी काढा बाई. जेवणाची सोय माझ्याकडे. जानेवारीत या, हुरडा असतो.